पेपर कुणाचा? सीमाभागातल्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी बरीच वर्षं बातमीदारी केली आणि शेवटची काही वर्षं डेस्कवर काढली. आता सकाळी वाचनालयात पेपर चाळत बसलो की शेजारचा कुणीतरी चष्मा कपाळावर सरकवून विचारतोच, "काय हो, हे असं का छापलं?" त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतलेत. उत्तरं माझी आहेत आणि काही ठिकाणी ती तुम्हाला तिखट लागतील.

पेपरचा मालक कोण हे कळून आम्हाला काय मिळणार? बातमी ती बातमीच.

आपल्या भागात पेपरची बाजू कुणापासून लपलेली नाही. सीमाप्रश्नावर मराठी पेपर काय म्हणणार आणि कन्नड पेपर काय म्हणणार, हे अनगोळच्या चहाच्या गाड्यावरचा माणूस अंक न उघडता सांगेल. १ नोव्हेंबरला मराठी अंकात काळा दिवस आणि मूक फेरी असते, कन्नड अंकात राज्योत्सव (कर्नाटकाचा स्थापना दिवस) आणि चन्नम्मा चौकातली गर्दी. दोन्ही गोष्टी त्याच दिवशी त्याच गावात घडलेल्या असतात. पेपरने बाजू घेतली म्हणून मला कधी राग आला नाही, कारण ती समोर दिसते.

दिसत नाही तो पैसा. तुमचं उसाचं बिल तीन महिने थकलंय, आणि ज्या कारखान्याने ते थकवलं त्याच्या चेअरमनच्या वाढदिवसाची चार पानी पुरवणी पेपरात आली. आता थकबाकीची बातमी त्याच पेपरात कधी, कितव्या पानावर आणि किती ओळींत येईल? मालक आणि जाहिरातदार ठाऊक असतील तर न छापलेली बातमीही थोडीफार वाचता येते. मला तरी या सगळ्या खटाटोपाचा उपयोग एवढाच वाटतो, आणि तो पुरेसा आहे.

मालकाचं नाव नेमकं कुठे छापलेलं असतं?

बहुतेक वेळा शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. तिला आम्ही प्रिंट लाइन म्हणतो. "हे पत्र मालक अमुक यांच्यासाठी मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी अमक्या ठिकाणी छापून तमक्या ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक..." अशा थाटाचं ते लांबलचक वाक्य असतं. मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक ही चार वेगळी पदं आहेत. चारही ठिकाणी एकच नाव असेल तर पेपर एका माणसाचा आहे असं समजायला हरकत नाही. तिथे कंपनीचं नाव असेल तर खरा शोध तिथून पुढे सुरू होतो. बातम्यांच्या निवडीसाठी कायद्याने जबाबदार कोण, हेही याच ओळीजवळ तारांकित करून दिलेलं असतं.

दुसरी जागा म्हणजे 'फॉर्म नं. ४'. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या केंद्रीय नियमांतल्या नियम ८ प्रमाणे फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात ही चौकट छापावी लागे. प्रकाशनाचं ठिकाण, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं, राष्ट्रीयत्व, पत्ते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त वाटा असलेले भागीदार किंवा भागधारक. वाचनालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतील तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातले काढून बघा. दहा वर्षांच्या चौकटी शेजारी ठेवल्या की कोण आला, कोण गेला आणि कुणाचा वाटा मुलाच्या नावावर चढला, सगळं दिसतं. एवढं उघड छापलेलं आणि एवढं कमी वाचलेलं दुसरं काही पेपरात नसेल.

१८६७ चा जुना कायदा आता गेला. त्याच्या जागी आलेला नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे, आणि वृत्तपत्रांची नोंदणी करणारं, ज्याला आपण आरएनआय म्हणायचो, ते कार्यालय आता प्रेस रजिस्ट्रार जनरलचं झालं आहे.

प्रिंट लाइनमध्ये 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिलंय. पुढे कसं शोधायचं?

केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जा. कंपनीची जुजबी माहिती आणि संचालकांची नावं फुकट दिसतात. वार्षिक विवरणपत्र आणि ताळेबंद पाहायचे तर १०० रुपये भरावे लागतात. भागधारकांची यादी तिथे सापडते. अडचण एकच, की यादीत माणसांऐवजी आणखी दोन कंपन्या निघू शकतात. मग त्यांचे पुन्हा शंभर-शंभर. तिसऱ्या पायरीला एखादं ओळखीचं आडनाव लागलं तर समजा पैसे वसूल झाले.

ट्रस्ट किंवा भागीदारी संस्था असेल तर हा मार्ग चालत नाही.

आमच्याकडे येणारे पेपर मग कुणाचे आहेत?

जाहीर माहितीतलं सांगतो. बेळगावचा 'तरुण भारत' १९१९ मध्ये बाबुराव ठाकूर यांनी सुरू केला. ते स्वातंत्र्यसैनिक होते आणि पुढे सीमालढ्याचे नेते. पेपर आजही ठाकूर कुटुंबाकडे आहे, आणि किरण ठाकूर हे लोकमान्य मल्टिपर्पज सोसायटीचेही संस्थापक आहेत. ही गोष्ट गावात सर्वांना ठाऊक आहे. ती अशी उघड असणं हेच बरं. नागपूरचा 'तरुण भारत' मात्र पूर्ण वेगळा. तो नरकेसरी प्रकाशनाचा, संघविचाराशी जवळीक असलेला. पुण्या-मुंबईचे पाहुणे या दोघांची हटकून गल्लत करतात आणि बेळगावकराला दोनदा समजावून सांगावं लागतं.

'पुढारी' कोल्हापूरच्या ग. गो. जाधवांनी काढला, आणि तो जाधव कुटुंबाचाच आहे. 'सकाळ' डॉ. ना. भि. परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात सुरू केला. आज त्याची सूत्रं पवार कुटुंबाकडे आहेत. समूहाचे प्रमुख प्रतापराव पवार हे शरद पवारांचे बंधू.

कन्नड पेपर तुमच्या घरी येत नसतील, पण बाजारात, बँकेत, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसमध्ये तेच पसरलेले असतात. 'संयुक्त कर्नाटक' लोकशिक्षण ट्रस्टचा आहे. 'विजय कर्नाटक' वाहतूक व्यवसायातले विजय संकेश्वर यांनी काढला. ते भाजपचे खासदारही होते. २००६ मध्ये त्यांनी तो टाइम्स समूहाला विकला आणि २०१२ मध्ये 'विजयवाणी' नावाने नवा पेपर काढला. 'प्रजावाणी' हे 'डेक्कन हेराल्ड'चं भावंड, द प्रिंटर्स (मैसूर) या कंपनीचं.

मराठी वाहिनी एक सांगते, कन्नड वाहिनी बरोबर उलटं. खरं कोण?

हा प्रश्न डिसेंबर २०२२ मध्ये मला रोज दोनदा विचारला गेला. त्या महिन्यात बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, त्याचे पडसाद पलीकडे कर्नाटकाच्या बसवर उमटले, आणि दोन्हीकडच्या पडद्यांवर दिवसभर तीच काच फुटत राहिली.

मी विचारणाऱ्यालाच उलट विचारायचो, टीव्ही९ मराठी कुणाची? टीव्ही९ कन्नड कुणाची? दोन्ही एकाच कंपनीच्या. न्यूज१८ लोकमत ही लोकमत आणि नेटवर्क१८ यांची भागीदारी, तर न्यूज१८ कन्नड नेटवर्क१८ चीच, आणि नेटवर्क१८ चा ताबा २०१४ पासून रिलायन्सकडे. छापील पेपरांत बघा. 'महाराष्ट्र टाइम्स' टाइम्स समूहाचा आणि 'विजय कर्नाटक'सुद्धा टाइम्स समूहाचाच. म्हणजे इकडच्या स्टुडिओत "मराठी माणसावर अन्याय" आणि तिकडच्या स्टुडिओत "कन्नड अस्मितेला आव्हान" अशी बोंब एकाच वेळी उठते तेव्हा दोन्हीकडच्या जाहिरातींचा हिशेब एकाच घरात लागत असू शकतो.

यावरून कुणीतरी वर बसून दोन्हीकडे आग लावतो असं मी म्हणत नाही. संपादक वेगळे, बातमीदार वेगळे, प्रेक्षक वेगळे. प्रेक्षकाला जे आवडतं ते विकलं जातं, एवढा साधा हिशेब पुरतो. पण वाहिनीचा त्वेष बघून आपल्या गल्लीतल्या पोराने बसस्टँडकडे धाव घेण्याआधी, हा त्वेष मालकाचा नाही, हे त्याला कुणी तरी सांगायला हवं.

खरं कोण याचं उत्तर मालकीत सापडत नाही. त्यासाठी मी एकच करायचो. त्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला फोन. हिरेबागेवाडीत काय झालं हे मुंबईच्या निवेदकापेक्षा तिथल्या पंक्चरवाल्याला जास्त माहीत असतं.

राजकीय पक्षाचा किंवा पुढाऱ्याचा पेपर असू शकतो का? कायदा अडवत नाही?

अडवत नाही. 'सामना' हे शिवसेनेचं (फुटीनंतर ठाकरे गटाचं) मुखपत्र आहे आणि ते तसं उघडपणे सांगतं. कन्नडमधली 'कस्तुरी' वाहिनी एच. डी. कुमारस्वामींच्या कुटुंबाने सुरू केली. एकाच मालकाने पेपर, वाहिनी आणि केबल किती ठेवावी यावर आपल्याकडे सरसकट मर्यादा घालणारा कायदा नाही. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर सविस्तर शिफारशी केल्या होत्या. राजकीय पक्षांना या धंद्यापासून लांब ठेवा, असंही त्यांत होतं. त्या शिफारशींचा कायदा झाला नाही. का झाला नाही, हे ओळखायला बातमीदार असावं लागत नाही.

परदेशी पैसा किती चालतो?

बातम्या देणाऱ्या छापील पेपरात आणि डिजिटल बातम्यांत २६ टक्क्यांपर्यंत, वृत्तवाहिन्यांत ४९ टक्क्यांपर्यंत, तोही सरकारी परवानगीने. आपल्या भागातल्या पेपरांच्या बाबतीत मला हा प्रश्न फारसा गंभीर वाटत नाही. साखरेचा पैसा आधी बघा.

'संपादकीय धोरण' म्हणतात ते लेखी असतं का? आम्हाला का दिसत नाही?

मी ज्या कचेऱ्यांत काम केलं तिथे ते लेखी नव्हतं. होतं ते "साहेबांना विचार." आत्महत्येच्या बातमीत नाव द्यायचं का? साहेबांना विचार. दोन समाजांत दगडफेक झाली, समाजांची नावं लिहायची का? साहेबांना विचार. साहेब तालुक्याला गेले असतील तर त्या दिवशी धोरण बदलायचं.

लेखी धोरणात काय असावं याचा फार बाऊ नको. चूक झाली तर ती कुठल्या पानावर, किती दिवसांत दुरुस्त करणार. निनावी माणसाचं म्हणणं कधी छापणार आणि त्याआधी कुणाची परवानगी घेणार. बातमीदाराने भेटवस्तू, फुकटचा प्रवास, सहकारी गृहसंस्थेतला प्लॉट घेतला तर काय. लहान मुलं आणि अत्याचारपीडित बायकांची ओळख उघड होऊ नये म्हणून काय काळजी घेणार (इथे कायदाही आहे, पण खेड्यात गावाचं आणि नवऱ्याचं नाव दिलं की ओळख उघड झालीच). मालकाच्या दुसऱ्या धंद्याविषयी बातमी असेल तर त्याच बातमीत "या संस्थेशी आमच्या प्रकाशनाचा संबंध आहे" ही ओळ टाकणार का. मला विचाराल तर बाकी सगळं सोडा आणि ही शेवटची ओळ मागा.

वाचकाची तक्रार ऐकायला स्वतंत्र माणूस नेमणं ही आणखी पुढची पायरी. 'द हिंदू'ने २००६ मध्ये 'रीडर्स एडिटर' नेमला आणि पेपरातल्या चुकांच्या दुरुस्त्या रोज ठरलेल्या जागी छापायला सुरुवात केली. आपल्या जिल्हा पेपरांना एवढं परवडत नाही हे मान्य. पण दुरुस्तीची जागा ठरवून ठेवायला पगार लागत नाही.

बेळगाव, बेळगावी, बेलगाम. शहराचं नाव कसं लिहायचं हे कोण ठरवतं?

१ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. मराठी पेपर बेळगाव लिहितात आणि मीही तेच लिहितो. भाषेचं नाव भाषेने ठरवायचं असतं, मुंबईकर 'न्यू यॉर्क' कसं उच्चारतो हे तिथली महापालिका ठरवत नाही. पण सरकारी खात्याचं किंवा विद्यापीठाचं नाव लिहिताना काय करायचं, याचा नियम असायला हवा. नाहीतर एकाच अंकात पान एकवर एक, पान पाचवर दुसरं.

नावापेक्षा मला बाकीचे शब्द जास्त बोलके वाटतात. महाराष्ट्र एकीकरण समिती या एकाच संघटनेला मराठी पेपर 'समिती' म्हणतो, कन्नड पेपर 'एमईएस'. 'समिती' म्हटलं की घरची वाटते, 'एमईएस' म्हटलं की कुणीतरी त्रयस्थ. येळ्ळूरमध्ये जुलै २०१४ ला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक हटवला गेला आणि नंतर पोलिसांचा लाठीमार झाला. तेव्हाचे दोन्ही भाषांतले अंक समोर ठेवून नुसती क्रियापदं तपासा. 'हटवला', 'उखडला', 'काढून टाकला', 'जमीनदोस्त केला'. कुठलं क्रियापद का, हे कचेरीत कधी बोललं जात नाही. हात आपोआप चालतो.

"अशी चर्चा नागरिकांतून होत आहे" म्हणजे कुठल्या नागरिकांतून?

हाहा. बहुतेक वेळा बातमीदारातून.

हे वाक्य मी किती वेळा लिहिलं याची गणती नाही. "तीव्र संताप व्यक्त होत आहे", "मागणी जोर धरू लागली आहे", "समजते", "खात्रीलायक सूत्रांकडून". काही वेळा खरंच चारपाच माणसं भेटलेली असतात आणि नाव द्यायला घाबरतात. पोलीस पाटील, ग्रामपंचायत सदस्य, तलाठी, सगळ्यांना गावातच राहायचं असतं. अशा माणसाला झाकणं हे बातमीदाराचं कामच आहे. पण काही वेळा बातमीदाराला स्वतःचं मत छापायचं असतं, आणि नागरिक ही त्याची टोपी असते.

फरक ओळखायची माझी खूण सांगतो. बातमीत ठिकाण, तारीख, कागद, आकडा असं काहीतरी पकडीत येण्यासारखं असेल आणि फक्त नाव झाकलेलं असेल तर विश्वास ठेवा. सगळंच धूसर असेल, आणि शेवटी "संबंधितांनी लक्ष घालावे" असेल, तर ती बातमी कुणाला तरी फोन करायला भाग पाडण्यासाठी लिहिलेली असू शकते. समोरच्याची बाजू घेतली आहे का हेही बघा. "संपर्क होऊ शकला नाही" या वाक्याखाली किती वेळा फोन केला हे कुणी लिहीत नाही.

आमच्या गावचा वार्ताहरच जाहिराती मागत फिरतो. हे बरोबर आहे का?

नाही. पण त्याच्यावर एकट्यावर राग काढू नका.

नव्वदच्या दशकात मी खानापूर तालुक्यात एका दैनिकाचा वार्ताहर होतो. मानधन छापून आलेल्या मजकुराच्या सेंटीमीटरवर. महिनाअखेर पट्टी घेऊन स्वतःच्याच बातम्या मोजायच्या. सगळं मिळून मोटारसायकलच्या पेट्रोलला पुरायचं नाही. जाहिरातीवर मात्र पंधरा टक्के कमिशन. वर्धापनदिन आणि दिवाळी आली की कचेरीतून तालुक्याचं टार्गेट यायचं, आणि ते गाठणाऱ्याचा सत्कार व्हायचा. उत्तम बातमीसाठी सत्कार झालेला मला आठवत नाही.

एका गावात नळपाणी योजनेची टाकी पहिल्याच उन्हाळ्यात गळायला लागली. मी बातमी पाठवली, फोटोसकट. ठेकेदाराने दोन महिन्यांपूर्वीच माझ्याकडून अर्धं पान शुभेच्छांची जाहिरात घेतलेली होती. बातमी आली नाही. मी फोन केला तर तिकडून विचारलं, "पुढच्या वर्षी टार्गेट कोण पूर्ण करणार, तू की टाकी?" मी काहीच बोललो नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच ठेकेदाराकडे पावतीपुस्तक घेऊन गेलो. त्याने चहा पाजला. टाकीबद्दल दोघांनीही अक्षर काढलं नाही. ती टाकी नंतर पाडली, पण ते वर्ष अजून माझ्या डोक्यात गळतंय.

म्हणून पेपरला विचारायचा प्रश्न असा: तुमचे तालुका वार्ताहर जाहिरातीवर कमिशन घेतात का? घेत असतील तर छापा तसं. एवढी एक ओळ छापायची तयारी नसेल, तर बाकीच्या आदर्श तत्त्वांचं पान कितीही सुंदर असो, मी ते वाचणार नाही.

पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, कशी ओळखायची?

निवडणुकीच्या आधीच्या पंधरवड्यात दोन वेगळे पेपर घ्या. एकाच उमेदवाराची स्तुती दोन्हींत त्याच शब्दांत, त्याच फोटोसह सापडली, तर ती दोन्ही ठिकाणी एकाच ठिकाणाहून आली आहे. महाराष्ट्रातलं २००९ चं प्रकरण असंच उघडं पडलं. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कौतुकाचा मजकूर 'अशोकपर्व' या मथळ्याने वेगवेगळ्या दैनिकांत आला, आणि पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते जुळवून दाखवलं. प्रकरण निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितलं की उमेदवाराने दाखवलेला खर्च खरा की खोटा हे आयोग तपासू शकतो. पुढे आयोगाने चव्हाणांविरुद्ध दिलेला आदेश त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा पेड न्यूजवरचा अहवाल २०१० चा आहे.

निवडणुकीच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन आणि देखरेख समिती असते. बेळगाव जिल्ह्यातली तक्रार तिथे कात्रणासह द्यायची. मजकूर पेड ठरला तर त्याचा खर्च जाहिरातीच्या दराने उमेदवाराच्या खात्यात धरला जातो, आणि मोठ्या राज्यांत विधानसभेसाठी असलेल्या ४० लाखांच्या खर्चमर्यादेत तो बसवताना उमेदवाराची तारांबळ उडते. गल्लीत वाटलेल्या पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर तोही गुन्हा आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे.

निवडणूक नसतानाची पेड न्यूज जास्त चिवट. तिला 'पुरवणी' म्हणतात.

सरकारी जाहिराती कुणाला किती मिळतात, हे कळू शकतं का?

खासगी पेपरला माहिती हक्काचा कायदा लागू नाही. जाहिरात देणाऱ्या खात्याला आहे. कर्नाटकाचं माहिती व जनसंपर्क खातं (कन्नडमध्ये 'वार्ता इलाखे'), महापालिका, जिल्हा पंचायत, कुणालाही विचारा: गेल्या आर्थिक वर्षात कुठल्या वृत्तपत्राला किती रकमेच्या जाहिराती दिल्या? शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी अट आहे, म्हणजे इथे मराठी अर्ज परत येऊ शकतो. कन्नड येणाऱ्या पोराला हाताशी धरा. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा सीमाप्रश्नाचा इतिहास त्यात घालू नका. आकडेच मागा.

माझ्याविषयी चुकीची बातमी आली. काय करू?

आधी संपादकाला लेखी कळवा. कचेरीत जाऊन आरडाओरडा केल्याने दुसऱ्या दिवशी "वार्ताहराला धमकी" अशी बातमी येते, मूळ चूक तशीच. पत्रात नेमकं वाक्य, नेमकी तारीख, आणि तुमचा पुरावा. पोच घ्या.

उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाता येतं. दैनिक आणि साप्ताहिकातल्या मजकुराविरुद्ध दोन महिन्यांच्या आत, पाक्षिक-मासिकाविरुद्ध चार महिन्यांच्या आत. संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत, मूळ कात्रण, त्याचा इंग्रजी अनुवाद आणि याच विषयावर कोर्टात खटला चालू नसल्याचं निवेदन जोडा. १९७८ च्या कायद्याखाली कौन्सिल पेपरला ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. त्यामुळे काहीजण याला दात नसलेला वाघ म्हणतात. माझा अनुभव असा, की दिल्लीहून आलेलं पाकीट बघून मालकाची झोप एक रात्र तरी उडते.

वृत्तवाहिनीची तक्रार आधी त्या वाहिनीकडेच करायची. वाहिनी एनबीडीएसए या वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाच्या कक्षेत येत असेल तर पुढे तिकडे.

यूट्यूबवरचे आणि फेसबुकवरचे स्थानिक न्यूज चॅनल? त्यांना कुणी विचारत नाही का?

हातात माईक, माईकवर स्वतःच्या नावाचा ठोकळा, की झाला चॅनल. काही पोरं खरोखर चांगलं काम करतात. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातल्या गावांचा रस्ता तुटला की सर्वांत आधी त्यांचाच व्हिडिओ येतो.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल बातम्यांसाठी तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणं आणि १५ दिवसांत उत्तर देणं घातलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्यातल्या नियम ९ च्या पहिल्या आणि तिसऱ्या पोटनियमाला स्थगिती दिली. स्थगिती आली म्हणून संपर्काचा पत्ता द्यायला बंदी झालेली नाही. ज्या पोर्टलवर एकही माणसाचं नाव नाही, फक्त लोगो आणि 'सत्याचा आवाज', त्याची बातमी मी पुढे पाठवत नाही.

बातमीदार स्वतः समितीचा किंवा कन्नड संघटनेचा कार्यकर्ता असेल तर?

आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की यात कुणाला वावगं वाटत नाही. इथली मराठी पत्रकारिता चळवळीतूनच वाढली, तिच्याकडून तटस्थतेचा सोवळेपणा मागणं मला खोटं वाटतं. फक्त ज्या मोर्चात तो पुढे चालत होता त्या मोर्चाच्या गर्दीचा आकडा त्याने लिहू नये. दुसऱ्याने मोजावा.

आम्ही गावातले तिघे मिळून छोटं पोर्टल चालवतो. 'आमच्याविषयी' या पानावर काय लिहू?

मोठ्या इंग्रजी पेपरातली तत्त्वं उचलू नका. खरं तेवढं लिहा. असं काहीतरी:

"हे पोर्टल आम्ही तिघे चालवतो, नावं खाली आहेत. एकाचं खताचं दुकान आहे, त्यामुळे खताच्या दराची बातमी तो लिहीत नाही. एकाचे वडील ग्रामपंचायत सदस्य आहेत, त्यामुळे पंचायतीची बातमी बाकीचे दोघे लिहितात. खर्च जाहिरातींतून आणि कमी पडला तर आमच्या खिशातून. पैसे घेतलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असं लिहितो, 'विशेष' असं नाही. चुकीची बातमी गुपचूप काढून टाकत नाही. खाली तारीख घालून काय चुकलं ते लिहितो."

एवढं पुरे. त्याखाली एक फोन नंबर द्या, चालू असलेला. रात्री नऊला कुणी "अहो, तुम्ही ज्यांच्या निधनाची बातमी टाकली ते माझे काका आत्ता जेवायला बसलेत" म्हणून फोन केला, तर तो उचलणारं माणूस हवं.